बोर्डिंगच्या पोरांचा हंगाम : कार्लाइलपासून पाच दिवस

माझा जन्म कोल्हापूरचा. फुटबॉल म्हटले की शाहू स्टेडियमची कडक उन्हातली पायरी, पेठापेठांतल्या तालमींची ईर्ष्या आणि गोल चेंडू एवढेच माझ्या डोळ्यांसमोर येई. वीस वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त पेनसिल्व्हेनियात आलो, तेव्हा इथल्या लांबट चेंडूच्या, हातात घेऊन पळण्याच्या खेळालाही फुटबॉलच म्हणतात हे पचनी पडायला बराच काळ गेला. आमच्या मेकॅनिक्सबर्गपासून वीस मिनिटांवर कार्लाइल नावाचे गाव आहे. तिथल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेच्या संघाने १९१२ साली अमेरिकेतल्या नामांकित महाविद्यालयांना त्यांच्याच मैदानांवर जाऊन हरवले, ही गोष्ट मला माझ्या मुलीने सांगितली. ती दहावीत आहे आणि शाळेच्या प्रकल्पासाठी तिने त्या हंगामाचा सगळा कार्यक्रम वहीत उतरवून घेतला होता. ती वही चाळताना माझ्या लक्षात आले, की चौदा सामन्यांपैकी सुरुवातीचे तीनच कार्लाइलमध्ये झाले आणि बाकी सगळा हंगाम या मुलांनी आगगाडीत काढला. तेव्हा मेच्या पहिल्या आठवड्यात पाच दिवसांची रजा काढून, जमतील तेवढी ठिकाणे त्याच क्रमाने पाहायची असे आम्ही बापलेकीने ठरवले. खरा हंगाम पानगळीतला. आम्ही निघालो तेव्हा झाडांना नवी पालवी होती.

पहिला दिवस : कार्लाइल गाव

कार्लाइल हे विटांच्या जुन्या घरांचे, रुंद चौकाचे, शांत गाव आहे. सकाळी आधी चौकात जाऊन या शाळेचा सर्वांत गाजलेला खेळाडू जिम थॉर्प याचा स्मृतिस्तंभ पाहिला आणि मग पिट स्ट्रीटवरील कंबरलँड काउंटीच्या इतिहास मंडळाच्या संग्रहालयात गेलो. दिवसाचा बहुतेक वेळ तिथेच गेला.

शाळेची हकिकत थोडक्यात अशी. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली इथल्या रिकाम्या पडलेल्या छावणीत ही शाळा सुरू केली. दूरदूरच्या राखीव प्रदेशांतून मुले आगगाडीने आणायची, आल्याबरोबर त्यांचे केस कापायचे, नावे बदलायची, गणवेश चढवायचे आणि मातृभाषेत बोलायला मनाई करायची, ही तिची पद्धत होती. माणूस वाचवायचा असेल तर त्याच्यातला इंडियन, म्हणजे आदिवासी, मारला पाहिजे, हे प्रॅटने १८९२ साली जाहीर भाषणात सांगितले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीतही बहुतेक मुलांना घरी पाठवत नसत. ‘आउटिंग’ या गोंडस नावाखाली त्यांना आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी कामाला धाडत. शाळा १९१८ साली बंद झाली, तोवर हजारो मुले या दारातून आत गेली होती.

जॉन चोट नावाच्या स्थानिक छायाचित्रकाराने शाळेसाठी मुलांची ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी जोडचित्रे काढली होती. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध टॉम टॉर्लिनो या नवाहो तरुणाचे आहे. पहिल्या चित्रात लांब केस, कानांत डूल, गळ्यात माळा आणि अंगावर घोंगडी. तीन वर्षांनंतरच्या दुसऱ्यात आखूड केस, कोट आणि टाय. दुसऱ्या चित्रात त्याची त्वचाही उजळ दिसते, कारण प्रकाशयोजनाच तशी केली आहे. मी ती दोन्ही चित्रे बराच वेळ शेजारी शेजारी पाहिली. कपडे आणि केस बदलले तरी त्याची नजर दोन्हींत एकच आहे, असे मला वाटले.

‘बोर्डिंग’ हा शब्द आमच्या घरात फार आदराने उच्चारला जातो. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम आणि अस्पृश्य मानलेल्या समाजांच्या मुलांसाठीही कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली. माझे आजोबा अशाच एका बोर्डिंगात राहून शिकले, सुट्टीत चालत गावी गेले, आपल्या आईशी आपल्याच बोलीत बोलले आणि शिकून मोठे झाल्यावरही आपल्या घरचेच राहिले. त्याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला ‘बोर्डिंग’ या शब्दाचा अर्थ घरापासून तोडणे असा होता, हे त्या संग्रहालयात उभे असताना मला प्रथमच नीट उमगले, आणि आजोबांची फार आठवण आली.

तिथून निघण्यापूर्वी मुलीने मला १९११च्या संघाचे छायाचित्र दाखवले. खेळाडू ओळीत बसले आहेत आणि मधोमध चेंडूवर पांढऱ्या रंगात लिहिले आहे : इंडियन्स १८, हार्वर्ड १५. त्या सामन्यात थॉर्पने दुखऱ्या पायाने चार फील्ड गोल मारले होते, म्हणजे चार वेळा लाथेने चेंडू गोलखांबांमधून पार केला होता. टचडाऊनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेण्याला, तेव्हा पाच गुण असत आणि फील्ड गोलला तीन, म्हणजे अठरापैकी बारा गुण त्या एका पायाचे.

दुसरा दिवस : छावणी, मैदान आणि दफनभूमी

शाळेची जागा आजही लष्कराच्या ताब्यात आहे आणि तिथे युद्धशास्त्राचे महाविद्यालय चालते, त्यामुळे ओळखपत्र दाखवून पास घेतल्यावरच आत जाता येते. डिसेंबर २०२४मध्ये शाळेच्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देण्यात आला. आत आखीव हिरवळी, मोठी झाडे आणि पांढऱ्या रंगाच्या जुन्या इमारती आहेत. ज्या व्यायामशाळेत मुले सराव करीत, तिला आता थॉर्पचे नाव आहे.

मैदानाला अजूनही ‘इंडियन फील्ड’ म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा तिथे कोणी नव्हते आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा ओला वास येत होता. सांगतात, की १९०७ साली कामाच्या ढगळ कपड्यांत जाता जाता थॉर्पने उंच उडीचा सराव करणाऱ्या मुलांना पाहिले, एकदा प्रयत्न करू का म्हणून विचारले आणि पाच फूट नऊ इंचांवरची आडवी काठी पहिल्याच उडीत ओलांडली. तो सॅक अँड फॉक्स जमातीचा, ओक्लाहोमाकडचा. १९१२च्या उन्हाळ्यात त्याने स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या पाच आणि दहा क्रीडाप्रकारांच्या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदके जिंकली आणि त्याच सप्टेंबरात तो फुटबॉल संघाचा कर्णधार म्हणून या मैदानावर परतला.

प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर. त्याला सगळे ‘पॉप’ म्हणत. त्याच्या कल्पकतेचे मूळ एका साध्या अडचणीत होते : कार्लाइलची मुले वजनाने हलकी होती. पूर्वीचा अमेरिकन फुटबॉल म्हणजे एकमेकांना खेटून, रेटून, तुडवून पुढे जाण्याचा खेळ होता आणि १९०५च्या हंगामात इतके मृत्यू झाले, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावे लागले. १९०६पासून चेंडू पुढे फेकायला, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली. बलाढ्य संघांनी ती फारशी मनावर घेतली नाही, कार्लाइलने मात्र घेतली, आणि १९०७ साली लांब फेकींच्या जोरावर फिलाडेल्फियाच्या पेन विद्यापीठाला २६-६ असे हरवले. १९१२ साली नियम पुन्हा बदलले. दहा यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले, मैदान शंभर यार्डांचे झाले, टचडाऊनला सहा गुण झाले आणि फेकीच्या अंतरावरची मर्यादा उठली. चपळ मुलांच्या संघाला याहून चांगले काय हवे होते! अल्ब्राइटविरुद्ध ५०-७, लेबनन व्हॅलीविरुद्ध ४५-०, डिकिन्सनविरुद्ध ३४-० असे तीन सामने आठ दिवसांत संपले आणि संघ बाहेर पडला.

मैदानावरून आम्ही दफनभूमीकडे गेलो. ती छावणीच्या कडेला, रस्त्यालगत आहे. मूळची जागा दुसरी होती. १९२७ साली थडगी हलवून इथे आणली. गुडघ्याएवढे पांढरे दगड सरळ रांगांत उभे आहेत आणि बहुतेकांवर नाव आणि जमात कोरलेली आहे. काहींवर तर नुसते ‘अज्ञात’. मुलगी एका रांगेतून वाकून वाचत चालली होती. अर्ध्यावर थांबून तिने विचारले, “बाबा, यांच्या आईबाबांना कळवलं तरी असेल का?” मला उत्तर देता आले नाही. २०१७पासून लष्कर वारसांच्या मागणीवरून अस्थी परत देऊ लागले आहे आणि पहिली मुले नॉर्दर्न अरापाहो जमातीची होती, एवढेच मी तिला सांगितले. काही ठिकाणी दोन दगडांमध्ये गवताची मोकळी जागा दिसते. ती कशामुळे राहिली असेल ते तिथे विचारायला कोणी नव्हते, पण ती जागा पाहून मला बरे वाटले.

तिसरा दिवस : बेथलेहेममार्गे हडसनकडे

सकाळपासून पाऊस होता. कार्लाइलहून बेथलेहेम शंभर मैलांच्या थोडे वर आहे आणि रस्त्यावर मालमोटारींची रांग लागलेली होती, म्हणून गाडी चालवताना मुलीने वहीतून हंगामाचा पुढचा भाग वाचून दाखवला. २ ऑक्टोबरला हॅरिसबर्गमध्ये व्हिलानोव्हाविरुद्ध ६५-०. ५ ऑक्टोबरला पश्चिमेकडे वॉशिंग्टन अँड जेफरसन महाविद्यालयाशी ०-० अशी बरोबरी. १२ला सिरॅक्यूजमध्ये ३३-०. आदल्या वर्षी कार्लाइलला हरवणारा हाच एकमेव संघ होता. १९ला पिट्सबर्गमध्ये ४५-८. २६ला, शनिवारी, राजधानीत जॉर्जटाउनविरुद्ध ३४-२०, आणि सोमवारी २८ तारखेला थेट कॅनडात, टोरांटोमध्ये ४९-१.

त्या एका गुणावर आमचे बरेच बोलणे झाले. अमेरिकन नियमांत कोणाच्याही खात्यावर नुसता एक गुण उरणे शक्य नव्हते. तो कॅनडातल्या रग्बी-फुटबॉलच्या नियमांचा गुण होता. शनिवारी संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये अंग ठेचून घ्यायचे, दोन रात्री आणि मधला रविवार प्रवासात घालवून सरहद्द ओलांडायची आणि सोमवारी परक्या नियमांनी खेळून जिंकायचे, हे मला हार्वर्डवरच्या विजयापेक्षाही मोठे वाटते. पुढच्या शनिवारी, २ नोव्हेंबरला, तीच मुले बेथलेहेममध्ये लीहायविरुद्ध उभी होती आणि ३४-१४ अशी जिंकली.

बेथलेहेममध्ये आम्ही तासभरच थांबलो. नदीकाठच्या पोलाद कारखान्याच्या जुन्या झोतभट्ट्या पावसात काळ्याकुट्ट उभ्या होत्या. लीहाय विद्यापीठ वरच्या टेकडीवर आहे. ते गाडीतूनच पाहिले आणि संध्याकाळपर्यंत हडसन नदीच्या काठी हायलँड फॉल्सला मुक्कामाला पोचलो.

चौथा दिवस : वेस्ट पॉइंट

लष्करी अकादमी पाहायला माहिती केंद्रातून बस सुटते. सुरक्षा तपासणीनंतर ती डोंगरउतारावरच्या करड्या दगडी इमारतींमधून फिरवून आणते. ट्रॉफी पॉइंटवरून हडसनचे वळण दिसते आणि त्याच्या अलीकडे ‘द प्लेन’ नावाचे मोठे सपाट संचलन मैदान पसरलेले आहे. पूर्वेला, नदीच्या बाजूला कलम हॉलची इमारत आहे. १९१२ साली अकादमीचे सामने तिच्याजवळच्या मैदानावर होत.

९ नोव्हेंबर १९१२. एका बाजूला देशाचे भावी सेनाधिकारी. दुसऱ्या बाजूला ज्यांच्या आजोबा-वडिलांशी याच सैन्याने पिढ्यान्‌पिढ्या लढाया केल्या, ती मुले. वूंडेड नी इथे सैन्याने केलेले आदिवासींचे हत्याकांड होऊन तेव्हा बावीसच वर्षे झाली होती, म्हणजे संघातली बहुतेक मुले त्या वेळी जन्मलेली होती. सामन्यापूर्वी वॉर्नरने त्यांना याच गोष्टीची आठवण करून दिली, असे सांगतात. मला वाटते, आठवण करून देण्याची गरज नसावी.

त्या दिवशी कार्लाइलने नवी मांडणी वापरली. चेंडू घेऊन पळणाऱ्यांपैकी दोघांना रांगेच्या दोन टोकांना, पंखांसारखे बाहेर उभे केले, जेणेकरून धाव कोणत्या बाजूने येणार याचा अंदाज समोरच्याला शेवटपर्यंत लागू नये. चेंडू मागे आला, की कधी थॉर्प सरळ घुसायचा, कधी तो पुढे असल्याचे भासवून चेंडू दुसरीकडे जायचा. अकादमीचा सगळा बचाव थॉर्पवर डोळे लावून बसला आणि अ‍ॅलेक्स अर्कासा या त्याच्या जोडीदाराने तीन टचडाऊन केले. गस वेल्च हा ओजिब्वे क्वार्टरबॅक या सगळ्या चाली हाकत होता. त्याच जमातीच्या ‘जो गायन’ या खेळाडूला मारल्याबद्दल अकादमीच्या कर्णधाराला पंचांनी मैदानाबाहेर काढले. सामना कार्लाइलने २७-६ असा जिंकला.

अकादमीच्या बचावफळीत ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा विद्यार्थी होता. थॉर्पला अडवायचेच, असे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने ठरवले होते, पण शेवटी ते दोघेच एकमेकांवर आदळले. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका सामन्यात त्याचा गुडघा निकामी झाला आणि त्याचा फुटबॉल सुटला. हाच मुलगा पुढे महायुद्धातला सेनापती आणि देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याचा पुतळा प्लेनच्या कडेला उभा आहे. आमच्या वाटाड्याने त्याची माहिती फार आपुलकीने दिली. मी थॉर्पचे नाव काढले तेव्हा तो मनापासून हसला आणि हाताने कलम हॉलकडची दिशा दाखवून म्हणाला, “तिकडे.” बस सुटेपर्यंत आम्ही दोघे त्या दिशेला पाहत उभे होतो. वारा नदीवरून येत होता आणि गवतावर कॅडेटांची एक तुकडी कवायत करीत होती.

दुपारी फिलाडेल्फियाचा रस्ता धरला.

पाचवा दिवस : फिलाडेल्फिया आणि जिम थॉर्प

पेन विद्यापीठाच्या फ्रँकलिन फील्डची आजची विटांची प्रेक्षागृहे १९२२ची आहेत, पण मैदान १८९५पासून याच जागी आहे. १६ नोव्हेंबर १९१२ला कार्लाइल इथे पेनकडून ३४-२६ असे हरले. त्या हंगामातला हा एकमेव पराभव. अभ्यासक त्याची कारणे बचावातल्या चुकांत शोधतात आणि ती खरीही असतील. मात्र आदले चार दिवस गाडी चालवून आल्यामुळे मला तारखाच जास्त बोलक्या वाटल्या : ५ ऑक्टोबरपासून सहा आठवड्यांत परगावी खेळलेला हा आठवा सामना होता, आणि तोही वेस्ट पॉइंटनंतर सातव्या दिवशी. कोणत्याही मोठ्या संघाने असा हंगाम स्वतःहून आखला नसता. कार्लाइलने तो आखला, कारण मोठी गर्दी मोठ्या शहरांत होती आणि तिकीटविक्रीतला वाटा शाळेच्या क्रीडा निधीत जमा होई. त्या निधीच्या वापराविरुद्ध पुढे खुद्द गस वेल्चने शेकडो विद्यार्थ्यांच्या सह्या गोळा केल्या, १९१४ साली संसदेच्या समितीने चौकशी केली आणि वर्षअखेरीस वॉर्नरने शाळा सोडली. वॉर्नरच्या बुद्धीबद्दल मला आदर आहे; पण मैदानावर ज्याच्या चाली चालवल्या, त्याच्याविरुद्ध उभे राहणाऱ्या वेल्चबद्दल अधिक आहे.

पराभवानंतर संघाने स्प्रिंगफील्डला ३०-२४ असे हरवले आणि २८ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, प्रॉव्हिडन्समध्ये ब्राउन विद्यापीठाला ३२-० असे. मुलीने गाडीत बसल्या बसल्या बेरीज केली : चौदा सामन्यांत ५०४ गुण. ब्राउनविरुद्धचा सामना हा थॉर्पचा शेवटचा महाविद्यालयीन सामना ठरला. दोनच महिन्यांत, जानेवारी १९१३मध्ये, त्याने पूर्वी उन्हाळ्यात थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याची बातमी छापून आली आणि ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी असल्याने त्याची पदके काढून घेण्यात आली. उन्हाळ्यात असे खेळणारी महाविद्यालयीन मुले तेव्हा पुष्कळ होती. बहुतेक जण खोटी नावे लावत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला होता.

फिलाडेल्फियाहून उत्तरेला ऐंशी मैलांवर लीहाय नदीच्या खोल दरीत एक कोळशाचे जुने गाव आहे. त्याचे मूळ नाव मॉक चंक. थॉर्प १९५३ साली वारला, तेव्हा त्याच्या तिसऱ्या पत्नीने त्याचे शव या गावाला देऊ केले. गावाने त्याच्यासाठी स्मारक बांधायचे आणि स्वतःचे नाव बदलायचे, असा करार झाला. १९५४पासून गावाचे नाव जिम थॉर्प आहे. हयातीत तो इथे कधी आलाही नव्हता.

गाव देखणे आहे. अरुंद रस्ते, रंगीत दारे, उतारावर चिकटलेली घरे. स्मारक मात्र गावाबाहेर, हमरस्त्याच्या कडेला आहे. तांबड्या ग्रॅनाइटची समाधी, तिच्याजवळ थॉर्पचे पुतळे, आणि समाधीखाली ओक्लाहोमाची आणि स्टॉकहोमच्या स्टेडियमची माती. शेजारून मोटारी वेगाने जात होत्या. १९८२ साली ऑलिंपिक समितीने त्याची पदके परत देण्याचे ठरवले, २०२२ साली दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागले. त्याला ओक्लाहोमाला, आपल्या माणसांत नेण्यासाठी त्याचे मुलगे न्यायालयात गेले होते. खालच्या न्यायालयात ते २०१३ साली जिंकले, वरच्या न्यायालयात २०१४ साली हरले आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

मुलीने वही उघडून शेवटच्या सामन्याखाली या जागेचे नाव आणि तारीख लिहिली. मग तिने फोनवर इथून थॉर्पच्या मुलखातल्या, ओक्लाहोमातल्या शॉनी गावाचे अंतर पाहिले : तेराशे मैलांच्या वर. आमचे घर दोन तासांवर होते आणि आई जेवायला थांबली होती, म्हणून आम्ही उजेड असतानाच निघालो.